दुपारची आई

१

दुपारी एक ते चार आमच्या घरात काहीही चालू नसतं, हे आधीच सांगून ठेवते. पंखा सोडून. टीव्ही बंद, गिझर बंद, वायफायचा डबा बंद, दाराची बेलसुद्धा बंद. सदाशिव पेठेतल्या या झोपेवर लोक विनोद करतात. करा म्हणावं. पहाटे उठून पाणी भरणारी मी आहे, विनोद करणारे नाहीत. आणि जी वस्तू कोणी वापरत नाही ती भिंतीवर उगीच जळत का ठेवायची, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. ट्रंक कॉल जोडण्यापासून सुरुवात केली, आणि घरोघरी मोबाइल आले तेव्हा निवृत्त झाले. त्यामुळे लाइन बंद असेल तर फोन लागत नाही, एवढं मला कळतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून प्रत्येक जण मला वेड्यात काढतो.

आमची सलोनी जर्मनीत असते. नवरा तेजस, दोघंही आयटीत. तिला दिवस गेले तेव्हा मी सरळ म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी, इकडे ये. तर तिकडचे डॉक्टर, तिकडचा विमा, तिकडची रजा. बरं बाई, मग मी येते. तिकीट काढलं. तोवर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. पण त्यात पोरगी बोलता बोलता अडकायची. दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा तोंडाचा आ, आणि आवाज गायब. पोटुशी मुलगी, आणि मला तिचं धड तोंड दिसू नये!

यांचा भाचा अवधूत विश्रांतवाडीला राहतो, कॉम्प्युटरमधला आहे. तो फोनवर म्हणाला, "मामी, डबा चांगलाय. आतलं फर्मवेअर जुनं झालंय. नवीन टाकू. मी इथून सांगतो, तू दाबत जा."

मी दाबत गेले. डब्यावरचा दिवा लाल-हिरवा लुकलुकायला लागला.

"आता तो दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नकोस. बंद तर अजिबात करू नकोस हं मामी. मला मीटिंग आहे, ठेवतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दिवा लुकलुकतोच आहे, लुकलुकतोच आहे. जेवणं झाली, भांडी घासून झाली. एक वाजला. मी बटण बंद केलं. आता काय एका डब्यासाठी घराचा नियम मोडायचा? गॅसवरचं वरण आपण मध्येच बंद करून पुन्हा ठेवत नाही का? राहिलेलं चारनंतर होईल की.

चारला बटण चालू केलं, तर दिवा एकदम स्थिर. हिरवागार. संध्याकाळी सलोनी दिसली ती इतकी स्वच्छ, की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसली. मी लगेच म्हटलं, झोपत नाहीस वाटतं वेळेवर.

२

आठवडाभर झकास चाललं. मग एका संध्याकाळी मी तिला सांगत होते की डिंकाचे लाडू करायला घेतलेत, सामानात दोन डबे तुझेच आहेत.

"अगं, हे तू दुपारीच सांगितलंस की," सलोनी म्हणाली.

"दुपारी कधी?"

"तुझ्या दुपारी. माझी सकाळ. तेजस ऑफिसला गेला की तुझा फोन येतोच हल्ली."

"सलोनी, दुपारी मी झोपलेली असते."

"माहितेय गं. म्हणून तर मला इतकं बरं वाटतं. माझ्यासाठी झोप सोडतेस."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मी म्हटलं, चेष्टा पुरे. तर तिचे डोळे भरून आले. या दिवसांत रडू लवकर येतं, ते मला माहीत आहे. पण ती पुढे जे म्हणाली ते ऐकून माझ्या हातातला डिंकाचा डबा तसाच राहिला.

"तू ते नळाचं सांगितलंस ना, तेव्हापासून माझी भीती निम्मी झाली. मला वाटायचं, मी एकटीच भित्री. तू कधी घाबरली असशील असं वाटलंच नव्हतं."

नळाचं. सलोनीच्या वेळी नववा लागला, तेव्हा मी रोज न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडत असे. नळाच्या आवाजात रडणं बाहेर ऐकू जात नाही. भीती वाटायची, दुसरं काही नाही. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आईला नाही, यांना नाही. सलोनीला तर सात जन्मांत सांगितली नसती. आई घाबरली होती हे लेकीला सांगून काय मिळवायचं?

"मी असलं काही बोललेली नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन.

"बरं," सलोनी म्हणाली. "दुपारी किती छान बोलतेस, आणि संध्याकाळी..." पुढचं तिनं गिळलं.

संध्याकाळी काय? मी काय संध्याकाळी चावते?

३

आता मला कोणी भोळीभाबडी समजू नये. मी पेपर वाचते. हल्ली आवाज काढतात, चेहरा बनवतात, आणि म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात. अवधूतला विचारलं, तर तो हेच म्हणाला.

"अगं मामी, कोणाचाही चेहरा बनतो आता. पासवर्ड बदलू."

"मग अजून पैसे कसे मागितले नाहीत त्या बयेनं?"

"मागतील. आधी विश्वास बसवतात."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, पण नळाचं मी त्याला सांगितलं नाही. कसं सांगणार? चेहरा बनवता येत असेल. माझ्या पोटातलं कसं बनवता येईल?

पासवर्ड बदलला. माझ्या फोनमध्ये दुपारचा एकही कॉल दिसत नव्हता. फोन माझ्या उशाशी, त्यात वेगळं इंटरनेट मी घेतलेलं नाही, डब्याचं बटण बंद, मग ही बया बोलते कुठून? रात्री जेवताना यांच्यापाशी बोलले, तर श्यामराव शांतपणे भात कालवत म्हणाले, "कोणी का असेना, पोरीशी गोड बोलतंय ना? आपल्या घरात एवढं गोड बोलणारं आहे कोण?"

मी ताक वाढलं नाही. त्यांचं त्यांनी घेतलं.

शेवटी मी सलोनीला म्हटलं, "उद्या दुपारी माझा फोन आला, की माझा फोटो काढून पाठव."

"कशाला गं?"

"कशी दिसते ते बघायचंय मला."

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं एकला सगळं बंद केलं आणि झोपले. मुद्दामच झोपले. चोराला संधी दिल्याशिवाय चोर सापडत नाही. चारला उठून डबा चालू केला, आणि फोटो आला.

आमचंच स्वयंपाकघर. ओट्याजवळची माझी खुर्ची, आणि खुर्चीत मी. अंगावर तीच फुलांची साडी जी त्या क्षणी माझ्या अंगावर होती, पदराला सकाळी उडालेला हळदीचा डाग धरून. केस मात्र सैल सोडलेले. आणि हसत होती. मी फोटोत हसत नाही, मला माझे दात आवडत नाहीत. ती अगदी दात दाखवून हसत होती, आणि सांगायला संताप येतो, पण बरी दिसत होती.

कोपऱ्यात भिंतीवर डबा दिसत होता. त्याचा दिवा बंद होता.

मग मी फोटो मोठा करून पाहिला. खुर्चीच्या मागे झोपायच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पलंग. पलंगावर भिंतीकडे तोंड करून कोणीतरी झोपलेलं, कानावर हात घेऊन. पांघरुणातून पाय बाहेर आलेले. डाव्या घोट्यावर माझा भाजल्याचा डाग होता.

मी तशीच उठले. फोटो श्यामरावांच्या नाकासमोर धरला.

"चांगला आलाय," ते म्हणाले.

"मागे बघा. मागे!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ पाहिलं.

"तू झोपलीयस," ते म्हणाले. दूधवाला आला नाही हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. आणि गच्चीतले कपडे काढायला निघून गेले.

४

माझं घर. माझी खुर्ची. माझी लेक. आणि मी आत घोरतेय आणि ही बाहेर बसून गोडबोलेपणा करतेय! भीती नंतर वाटली. आधी मला राग आला, तो असा की कानशिलं तापली. सासूनं नाही कधी माझ्या खुर्चीत बसायची हिंमत केली.

दुसऱ्या दिवशी मी झोपले नाही. एकला सगळी बटणं बंद केली आणि त्या खुर्चीत जाऊन बसले, तोंड खोलीच्या दाराकडे करून. पलंग रिकामा होता. बाहेरच्या खोलीत श्यामराव आरामखुर्चीत, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. नळ ठिबकत होता. शेजारच्या क्लासमधली पोरं सुटली, त्यांच्या स्कूटरींचा आवाज झाला आणि गेला. डब्याकडे मी टक लावून बसले होते. काळा, गप्प, पालीसारखा चिकटलेला.

काही झालं नाही. फक्त एकदा डुलकी आली. मान खाली जाते न जाते तोच पलंगाची फळी करकरली, कोणी कूस बदलावी तशी. मी ताडकन उठले. पलंग रिकामाच होता. चादर मात्र माझ्या बाजूला चुरगळलेली. सकाळी मी ती हातानं सारखी केली होती, हे मी शपथेवर सांगते.

त्यापुढे मी दुपारी डोळा लागू दिला नाही. कपाट आवरलं, कोथिंबीर निवडली, नाहीतर तोंडावर पाणी मारत बसले. फोन बंद झाले. म्हणजे तिचे. मला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी सलोनी म्हणाली, "आई, दुपारी का नाही करत आता फोन?"

"दुपारी कामं असतात मला."

"माझं काही चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात? पाय वर करून बस, सुजलेत ते. आणि तेजसला सांग, ते जिने चढणं बंद."

ती हळूच म्हणाली, "तू पुन्हा पहिल्यासारखी झालीस."

मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहिले. पहिल्यासारखी म्हणे. या पहिल्यासारखीनंच तापात रात्र रात्र मांडीवर घेतली होती की नाही? पट्ट्या कोणी बदलल्या? फी भरायला बांगड्या कोणी मोडल्या? गोड बोलायला काय लागतं? त्या बयेला ना भांडी पडलीत, ना पाणी भरायचंय. नुसतं यायचं, खुर्चीत बसायचं आणि माझ्याच पोटातलं काढून माझ्याच लेकीला वाटायचं. आयत्या बिळावर नागोबा!

मला रडू आलं. मी नळ सोडला नाही, तसाच पदर लावला डोळ्यांना.

अवधूतला सांगितलं, तो डबा काढून ने आणि नवा आण. रविवारी येतो म्हणाला.

५

रविवार यायच्या आत सलोनीच्या कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अवकाश होता, माझं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं. मी जेवायची पानं घेत होते तेव्हा तेजसचा व्हिडिओ कॉल आला, दवाखान्यातून. त्याचं तोंड पांढरं पडलेलं. "आई, ती फक्त तुम्हाला बोलवतेय. डॉक्टर सांगतायत ते ऐकतच नाहीये. अंग आखडून घेतेय. बाळाचे ठोके कमी होतायत म्हणतात."

मग सलोनी दिसली. घामानं केस चिकटलेले, ओठ चावलेला.

"सलोनी, रडू नकोस. श्वास घे. लांब श्वास घे. तेजस, तिला पाणी दे! तो पंखा नाही का तिथे? नर्स कुठे गेली?"

"आई..."

"ओठ चावू नकोस. अंग सैल सोड. सैल सोड म्हणतेय ना!"

"आई, ओरडू नको गं," ती म्हणाली. लहानपणी म्हणायची तशी. "दुपारी बोलायचीस तशी बोल ना. तसं बोल. मला जमणार नाही नाहीतर."

मी तोंड उघडलं. मला सगळं येत होतं. बाळा, मी पण अशीच घाबरले होते. तू आलीस आणि भीती गेली. मी आहे इथे. एवढंच म्हणायचं होतं. आणि बाहेर काय आलं, तर "असं रडून कसं चालेल?"

तिनं तोंड फिरवलं. यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, आणि ती मधेच चुकत होती. टेलिफोनवर माणसांचे निरोप जोडण्यात आयुष्य गेलं माझं. मरणाचे, बारशाचे, सगळे. आणि माझ्या लेकीपर्यंत माझा एक शब्द पोचेना.

मी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजत आला होता.

"सलोनी," मी म्हटलं. "ऐक. मी फोन ठेवते. लगेच दुसरा करते. तो घे."

"तसं बोलशील?"

"तसंच बोलेन," मी म्हटलं.

श्यामराव दारात उभे होते. "पानं घेतलीयस ना? जेवायचं..."

"नंतर," मी म्हटलं. डब्याचं बटण बंद केलं. दिवा विझला. मी केसांचा अंबाडा सोडला, का ते माहीत नाही. खोलीत गेले, दार उघडंच ठेवलं, भिंतीकडे तोंड करून पडले आणि डोळे मिटले.

झोप कसली येते? मी दात आवळून पडले होते. मनात म्हणत होते, ये बाई. ये एकदाची. बस माझ्या खुर्चीत. पण माझ्या पोरीला सोडव.

६

खुर्ची सरकली.

मी डोळे उघडले नाहीत. कोणीतरी ओट्यावरचं भांडं बाजूला केलं. बांगड्या वाजल्या. माझ्याच, कारण माझा हात पलंगावर हलका झाला होता. मग आवाज आला. माझाच आवाज, पण कधी कोणाला न ऐकवलेला, मऊ, उन्हात वाळवलेल्या जुन्या लुगड्यासारखा.

"आले गं बाळा. आले. मी आहे."

आणि पलीकडून सलोनीचा हुंदका, आणि मग तिचा सुटलेला, लांब श्वास. ती बया बोलत राहिली. नळाचं बोलली. सलोनी पहिल्यांदा कुशीवर वळली तेव्हाचं बोलली. मी शाळेच्या दारात तिला सोडून कोपऱ्यावर लपून उभी राहायचे, ते बोलली. एक एक माझं. मी ऐकत होते आणि उशी ओली होत होती. राग येत होता, आणि तरी मनात म्हणत होते, बोल, थांबू नकोस.

मग बाळाचा टाहो ऐकू आला.

नातवंड! माझं नातवंड! मी उठायला गेले. पाय हलेना. हात कानावर होता तो कानावरच राहिला. मी हाक मारली, पण हाक तोंडातून निघालीच नाही. अंग गाढ झोपलेलं होतं आणि मी आत टक्क जागी.

चपला घासत श्यामराव बाहेरच्या खोलीतून आले. "काय गं? काय झालं?"

"मुलगी झाली, अहो," ती म्हणाली. "दोघी सुखरूप आहेत."

ते रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. तिनं त्यांना काय केलं कोण जाणे, पाठीवरून हात फिरवला असेल, कारण ते हळूहळू शांत झाले. मला वाटलं, आता येतील. आता मला उठवतील, नातीचं तोंड दाखवतील.

"आणि ही?" श्यामरावांनी विचारलं.

"झोपू दे तिला," ती म्हणाली. "फार दमलीय हो."

चपला दारापर्यंत आल्या. त्यांचा श्वास मला ऐकू आला. कोणी माझं पांघरूण पायांवरून नीट ओढलं. मग दार लागलं, आणि बाहेरून कडी सरकल्याचा आवाज झाला.

माझ्याच घरात, माझ्यावर कडी! नात झालीय माझी, आणि मी इथे भिंतीकडे तोंड करून! पलीकडे पानं वाढल्याचा आवाज येतोय, हसणं येतंय. उठू दे मला. उठले, की बघते एकेकाकडे.